वकील नानांची उजळणी

वकील नानांनी मला पहिल्यांदा हाक मारली ती नावाने नाही, आकड्याने.

आम्ही धुळ्यात देवपुरातल्या घरी राहायला आलो त्या दिवशीची गोष्ट. सामानाचा टेम्पो गल्लीत मागे घेताना ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला होता. तेवढ्यात शेजारच्या ओट्यावरून खणखणीत आवाज आला, "दोनशे अडुसष्ट!"

मला वाटलं, घर नंबर विचारतायत. मी म्हटलं, "नाही हो, आमचा प्लॉट सतरा."

पांढरा सदरा, कानावर केस, हातात कात्री घेऊन एक उंच म्हातारे गृहस्थ फाटकापाशी आले. "बाई, दोनशे अडुसष्ट म्हणजे सार्वजनिक उपद्रव. भारतीय दंड संहिता. तुमचा टेम्पो उपद्रव करून राहिला." एवढं बोलून आत गेले आणि माठातल्या पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. "उन्हाचं आलात. आधी पाणी प्या. मग करा काय उपद्रव करायचा तो."

नाना म्हणजे धुळ्याच्या कोर्टातले जुने फौजदारी वकील. सत्तरी ओलांडलेली, पण काळा कोट रोज अंगावर. उभा जन्म चोऱ्यामाऱ्या आणि डोकेफोडीच्या खटल्यांत गेल्यामुळे त्यांना माणसं नावाने आठवतच नसत. दूधवाल्याचं नाव चारशे वीस. तो दुधात पाणी घालत होता की नाही देव जाणे, पण नानांनी नाव ठेवलं आणि तोही "ओ" देऊ लागला. पहाटे फिरायला जाणाऱ्या बायका नानांच्या कुंपणातून हात घालून देवासाठी जास्वंद तोडायच्या. त्यांच्यासाठी नाना दबा धरून बसलेले असत. "चारशे सत्तेचाळीस सह तीनशे एकोणऐंशी!" अशी आरोळी उठली की बायका फुलं पदरात लपवून पळत सुटायच्या. आगळीक करून आत शिरणं आणि वर चोरी, असा त्याचा अर्थ. हे सगळ्या गल्लीला पाठ झालं होतं. आमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईसुद्धा एकदा मला म्हणाल्या, "ताई, मांजर आली होती, तीनशे एकोणऐंशी करून गेली."

पण नानांचं सर्वांत लाडकं कलम होतं पंच्याण्णव. शहाण्या माणसाने तक्रार करू नये इतका क्षुल्लक अपाय झाला, तर तो गुन्हा नाही, असं ते कलम सांगतं. माझ्या स्कूटीने त्यांच्या कुंडीचा काठ उडाला तेव्हा मी घाबरून माफी मागायला गेले. नानांनी कुंडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हात झटकला. "पंच्याण्णव!" म्हणाले. जास्वंद तोडणाऱ्या बायकांनाही आरोळीनंतर मागून हळूच "पंच्याण्णव" मिळायचं. फक्त तोवर त्या ऐकू येण्याच्या पलीकडे गेलेल्या असत.

मी शाळेत शिकवते. म्हणून ते मला मास्तरीणबाई म्हणत. आमचे हे नोकरीमुळे सुरतेला, शनिवार-रविवारी येतात. शाळा साडेदहाची. त्यामुळे सकाळी ओट्यावर चहा घेताना नाना कुंपणापलीकडून मला कायदा सांगायचे. मी काही विचारलेलं नसायचं.

"कायदा म्हणजे दगडावरची रेघ असं लोकांना वाटतं," नाना सांगत. "दगड कसला? रोज कोणीतरी ओरखडे काढून राहिलं. जुना दंड कायदा दीडशे वर्षांचा, इंग्रजांच्या काळातला. नव्या नव्या भानगडी निघत गेल्या तशी नवी कलमं आली. पण मधले आकडे कसे बदलणार? पोलीस, वकील, जज्ज, चोर, सगळ्यांना पाठ. मग आहे त्याच आकड्याच्या बगलेत अ घालायचा, ब घालायचा. चारशे अठ्ठ्याण्णव-अ. तीनशे चौपन्न-अ, ब, क, ड. भाडेकरू वाढले की गच्चीवर पत्र्याची खोली काढतो ना आपण, तसं. आणि कधी वरचं कोर्ट एखादं कलमच उपटून काढतं. मग तिथे नुसता आकडा राहतो. दात पडल्यासारखा."

"मग हे सगळं तुम्हाला पाठ कसं, नाना?"

"माले कुठे? आमच्या अक्काला." मनापासून बोलायचं झालं की नाना अहिराणीवर यायचे.

अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. आम्ही राहायला यायच्या आधीच्या पावसाळ्यात त्या गेल्या होत्या. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलं: नऊवारी, ठसठशीत कुंकू आणि फोटो काढणाऱ्यावर नाराज असल्यासारखा चेहरा. लग्न झालं तेव्हा नाना जळगावला वकिली शिकत होते. तिथेच मेहरूण भागात एका खोलीत संसार. अक्का सातवीपर्यंत शिकलेल्या. नाना कॉलेजातून आले की त्या पुस्तक समोर धरायच्या आणि विचारायच्या, "तीनशे सात?" नानांनी उत्तर द्यायचं. चुकलं की भाकरी ताटात पडायची नाही. "परीक्षेचा पेपर तिच्यापेक्षा सोपा होता," असं नाना सांगायचे आणि मग जास्वंदीची नसलेली वाळकी फांदी कापायला निघून जायचे.

तर असे हे नाना. आणि एका जुलैत त्यांचे सगळे आकडे गेले.

दिल्लीत नवे कायदे मंजूर झाले होते, ते लागू झाले. दंड संहिता गेली, न्याय संहिता आली. खटला कसा चालवायचा त्याचा जुना कायदा गेला, त्याच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आली. पुराव्याचा कायदासुद्धा बदलला. गुन्हे बहुतेक तेच, पण आकडे सगळे नवे. चोरी तीनशे एकोणऐंशीवरून तीनशे तीनला आली. फसवणूक चारशे वीसवरून तीनशे अठराला. नानांचं लाडकं पंच्याण्णव एकदम तेहतिसावर. दूधवाला फाटकात येऊन विचारायला लागला, "नाना, आता मी कोण?"

"तू चारशे वीसच शे," नाना करवादले. "तुझी फसवणूक जुन्या काळातली. जुना गुन्हा जुन्याच कायद्याने चालतो. जून महिन्यात घातलेलं पाणी जुन्या कलमात, जुलैत घातलेलं नव्या कलमात."

"आणि जूनच्या शेवटच्या रात्री बारा वाजता घालत असलो तर?"

"तर वकिलांची दिवाळी!"

नाना हसले, पण त्या दिवसांत त्यांचं हसू लवकर संपायचं. आरोळ्याही बंद झाल्या. एकदा जास्वंदीजवळ कोणीतरी दिसलं तेव्हा त्यांनी "चारशे..." म्हणून सुरुवात केली, थांबले, "तीनशे..." म्हणाले, पुन्हा थांबले. तोवर बाई फुलं तोडून, वर त्यांना नमस्कार करून, सावकाश निघून गेली.

मग ती कोर्टातली गोष्ट घडली. मला ती त्यांनीच सांगितली, दोन दिवस फाटकाबाहेर न पडल्यानंतर.

तुळसाबाई नावाची पिंपळनेरकडची एक म्हातारी त्यांच्याकडे आली होती. नवरा नाही. दोन मुलांनी शेत स्वतःच्या नावावर करून घेतलं आणि आईला बहिणीच्या दारात, धुळ्याला, आणून सोडलं. तिचा पोटगीचा अर्ज होता. नाना असे अर्ज पैसे न घेता चालवायचे. आजवर पोटगी म्हणजे एकशे पंचवीस. आणि एकशे चव्वेचाळीस म्हणजे जमावबंदी, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण नव्या संहितेत पोटगीचा आकडा नेमका एकशे चव्वेचाळीस झालाय. नानांनी ते वाचलेलं होतं, नाही असं नाही. अर्जावरही त्यांनीच लिहिलेलं होतं.

"पण हो, जज्ज मॅडमनी विचारलं, 'एकशे चव्वेचाळीसखाली आपलं म्हणणं काय?' आणि माझ्या तोंडातून पन्नास वर्षांच्या सवयीने निघून गेलं, 'मॅडम, जमाव होताच कुठे? एकटी बाई शे.'"

सगळं कोर्ट हसलं. मॅडमसुद्धा ओठ दाबत कागदाकडे बघायला लागल्या. विरुद्ध बाजूचा वकील, नानांच्या हाताखाली शिकलेला, म्हणाला, "नाना, आता आराम करा." वाईट हेतूने नाही म्हणाला, पण म्हणाला.

"त्याचं काही नाही," नाना मला म्हणाले. "हसू दे. पण ती म्हातारी घाबरली ना. मला बाजूला घेऊन विचारते, 'मन्हं काही चुकनं का, दादा?' तिला वाटलं, कोर्ट तिच्यावर हसलं. काय सांगू मी तिला?"

तारीख पुढची पडली होती. नानांचा काळा कोट ओट्यावरच्या खुर्चीच्या पाठीला तसाच टांगलेला होता. "परवा तिला दुसरा वकील करून देतो," ते म्हणाले. "आपलं झालं आता."

मला काय वाटलं कोण जाणे. बहुधा वर्गातली सवय. पाठ न झाल्यामुळे शाळा सोडायला निघालेली मुलं मी पुष्कळ पाहिलीत. मी विचारलं, "नवं पुस्तक आहे का तुमच्याकडे?"

"आहे ना. पण विचारणारं कोणी नाही. मला डोळ्याने पाठ होत नाही, मास्तरीणबाई. कानाने होतं."

"उद्या सकाळी सात वाजता घेऊन या."

अशी आमची उजळणी सुरू झाली. आमच्या ओट्यावर दोन खुर्च्या, मध्ये स्टूल, त्यावर चहा. पहिल्या दिवशी नाना वही-पेन्सिल घेऊन आले आणि मी येताच उभे राहिले. मी म्हटलं, "बसा." ते बसले. "चोरी?" "तीनशे..." "पुढे?" "तीनशे..." "नाना, रस्त्याकडे बघू नका, तिथे लिहिलेलं नाही."

एवढ्या मोठ्या माणसाला असं बोलायला मला आधी संकोच वाटला, पण नानांना ते फार आवडायचं. रागावलं की त्यांचा चेहरा खुलायचा. हळूहळू मला जोर चढला. दहावीच्या मुलांना जसं शिकवते तसं शिकवायला लागले: "उपद्रव आधी दोनशे अडुसष्ट, आता दोनशे सत्तर. फक्त दोन पायऱ्या वर चढलाय, लक्षात ठेवा. जमावबंदी आता एकशे त्रेसष्ट." नाना मान डोलवायचे. दुसऱ्या दिवशी विचारलं की पुन्हा चूक. एकशे चव्वेचाळीस तर कधीच बरोबर आलं नाही. मी दहा तऱ्हांनी सांगून पाहिलं. "अहो, तुळसाबाई आठवा!" "हो हो, तुळसाबाई," म्हणायचे आणि पुढच्या सकाळी परत जमावबंदी.

पण कोट मात्र खुर्चीवरून निघाला. नाना कोर्टात जायला लागले. मी काळजीने विचारलं तर म्हणाले, "तिथे पुस्तक हातात धरतो. बघून बोलतो. निभतं." तुळसाबाईचं काम त्यांनी दुसऱ्याला दिलं नाही, एवढं मला समजलं.

दसरा गेला, दिवाळी गेली. थंडी पडली तेव्हा नाना कानटोपी घालून यायचे. आम्ही न्याय संहिता दोनदा संपवली, सुरक्षा संहिता जवळजवळ संपत आली. नापास होण्यात त्यांची प्रगती दिसत होती. पूर्वी लगेच चुकायचे, आता विचार करून, कपाळाला आठ्या घालून, चहाचा घोट घेऊन मग चुकायचे. मधूनमधून कलमावरून गोष्ट निघायची: कोणत्या चोराने कोर्टात नानांचंच पेन चोरलं, कोणता साक्षीदार शपथ घेताना झोपला. आठ कधी वाजायचे कळायचं नाही.

जानेवारीत शाळेच्या एका कामासाठी मला प्रतिज्ञापत्र करायला कोर्टात जावं लागलं. काम लवकर झालं. नोटरीच्या टेबलाशेजारी एक तरुण वकील उभी होती, तिला विचारलं, "नाना कुठे भेटतील?" तिने वरच्या मजल्यावरचा हॉल दाखवला. "चला, मीही तिकडेच चाललेय. आज नानांचं आर्ग्युमेंट आहे. ऐकण्यासारखं असतं."

आम्ही मागच्या बाकावर बसलो. समोर नाना उभे होते. शेजारी लुगड्याचा पदर डोक्यावर घेतलेली एक बारकी म्हातारी. तीच तुळसाबाई. नानांच्या हातात पुस्तक नव्हतं. कागदाचा कपटासुद्धा नव्हता.

"एकशे चव्वेचाळीस, मॅडम, पोटकलम एक," नाना सांगत होते. "जुन्या कायद्यात हेच एकशे पंचवीस. आकडा बदलला, आईचा हक्क बदललेला नाही. आणि अर्ज धुळ्यात का, असा समोरच्या माझ्या वकील मित्रांचा आक्षेप आहे. त्यांनी लगेच पुढचं कलम पाहावं, एकशे पंचेचाळीस. पूर्वी बापाला आणि आईला मुलाच्या गावी जाऊन भांडावं लागायचं. आता ती जिथे राहते तिथे दाद मागू शकते. हे नवं आहे, मॅडम. सगळं नवं वाईट नसतं."

ते बोलत राहिले. नवा आकडा, लगेच जुना आकडा, कुठे काय वाढवलंय, कुठला शब्द गाळलाय. एकदाही अडखळले नाहीत. विरुद्ध वकील पुस्तकाची पानं उलटत होता आणि नाना त्याला पान सांगत होते.

मी शेजारच्या मुलीला हळूच म्हटलं, "छान पाठ झालंय की यांचं."

"नानांचं?" ती म्हणाली. "अहो, गणपतीपासून तेच दर शनिवारी आम्हा ज्युनियरांचा वर्ग घेतात. तिन्ही कायदे तोंडपाठ आहेत त्यांना."

मॅडमनी दोन्ही मुलांना आईला दरमहा पोटगी देण्याचा हुकूम केला. तुळसाबाईला काही उमगलं नाही. नाना वाकून तिच्या कानाशी बोलले तेव्हा ती त्यांच्या पायाशी वाकायला लागली आणि नाना इतके गडबडले की मागे सरता सरता खुर्चीवर आपटले. मी त्यांना न भेटताच निघाले.

घरी येईपर्यंत मला थोडा राग आला होता, खोटं कशाला बोलू. त्या सकाळीच मी त्यांना एकशे चव्वेचाळीसवरून झापलं होतं. ऑगस्टपासून मी साडेपाचला उठून डबा करत होते, सात वाजता मोकळी असावी म्हणून.

दुसऱ्या सकाळी नाना आले. कानटोपी, वही, पेन्सिल. बसले. मी चहा ठेवला आणि विचारलं, "एकशे चव्वेचाळीस?"

नानांनी आठ्या घातल्या. बराच विचार केला. "जमावबंदी," म्हणाले.

"काल मी कोर्टात होते, नाना."

त्यांनी कप खाली ठेवला. कानटोपी काढली, मांडीवर ठेवली, तिची घडी घातली, मोडली. रस्त्यावरून दूधवाल्याची मोटरसायकल गेली. त्याने हात केला, नानांनी पाहिलं नाही.

"तुले समजनं तर," ते म्हणाले.

मी खुर्ची जवळ ओढली.

"मेहरूणच्या खोलीत अक्का विचारायची ते तुला सांगितलं ना मी? पुढचं नाही सांगितलं. मी पास झालो, सनद आली, इकडे धुळ्याला आलो. तरी रोज सकाळी भाकरी थापता थापता तिचं सुरूच. 'तीनशे सात?' एकदा मी वैतागलो. म्हटलं, आता कसाले? झाली ना परीक्षा. तर तव्यावरून नजर न काढता म्हणते, 'दिनभर तुम्ही बठ्ठा जगसंगे बोलतस. मन्हासंगे इतलंच बोलतस.'"

नानांनी पुन्हा कानटोपीची घडी घातली. मग म्हणाले, "त्या दिवसापासून मी चुकायला लागलो. बरोबर सांगितलं की ती लगेच पुढच्या कामाला लागायची. चुकलं की बसायची, रागवायची, पहिल्यापासून घ्यायची. चाळीस वर्षं मी तीनशे सातला अडखळलो, मास्तरीणबाई. तीनशे सातला! खुनाचा प्रयत्न! धुळ्यातलं पोरगं सांगेल."

"त्यांना कळलं नाही कधी?"

"दवाखान्यात होती शेवटी. मी बाजूला बसलेलो. डोळे मिटूनच म्हणाली, 'तीनशे सात?' मी म्हटलं, दरोडा. तर हसली. तेव्हा मला समजलं, तिला पहिल्यापासून ठाऊक होतं."

चहावर साय धरली होती. नानांनी वही उचलली, पेन्सिल खिशात घातली. "तुझा फार वेळ घेतला," म्हणाले. "शाळा असते तुला. उद्यापासून नाही येत." आणि उठायला लागले. उठताना त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला.

कामं खरंच खोळंबली होती. कपडे दोरीवर टाकायचे राहिले होते, वह्या तपासायच्या होत्या. रोज सकाळी या घरात माझ्याशी कोण बोलतं, हे मी तोवर कधी मोजलं नव्हतं.

"बसा खाली," मी म्हटलं. "कोणी सांगितलं संपलं म्हणून? तीन कायदे आलेत ना नवे? आपले दोनच झालेत. पुराव्याचा तसाच राहिलाय."

नाना अर्धवट उठलेले तसेच थांबले. "तो फार अवघड शे हो," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. "माले नाही जमायचा."

"ते मी ठरवेन. पुस्तक आहे का?"

ते कुंपणापलीकडे गेले आणि त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या वेगाने परत आले. पुस्तक वापरून वापरून मऊ पडलं होतं. मी पहिलं पान उघडलं. कुठल्याही कायद्याच्या पहिल्या कलमात त्या कायद्याचं नाव असतं, बाकी फारसं काही नसतं. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरही तेच नाव मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं आणि पुठ्ठा नानांच्या तोंडासमोर होता.

"कलम पहिलं," मी म्हटलं. "या कायद्याचं नाव काय?"

नानांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या. खूप विचार केला आणि साफ चुकीचं नाव सांगितलं.

मी भरपूर रागावले. मग आत जाऊन चहा पुन्हा ठेवला.